मंगळावर गोंधळ मांडला तर

सूर्य सोडून इतर ताऱ्यांभोवती फिरणाऱ्या ग्रहांची नासाची यादी सप्टेंबर २०२५ मध्ये ६ हजारांवर गेली. त्यातल्या एकाही ग्रहावर कुणी नाचतं असा पुरावा नाही. आपल्या सूर्यमालेत तर पृथ्वीबाहेर अजून साधं शेवाळही सापडलेलं नाही. तेव्हा परग्रहावरचं नृत्य आणि तिथला पेहराव यावर लिहायचं तर नाच इथूनच न्यावा लागतो. इंग्रजी कथा-चित्रपटांत अशा वेळी बॅले नर्तकी निघते. परभणी जिल्ह्यातून कोण निघेल?

निवडीला तोटा नाही. गोंधळाच्या बाबतीत तर परभणीचे राजारामबापू कदम हे नाव महाराष्ट्रभर घेतलं जातं. जिंतूर भागातल्या तांड्यांवर होळीला लेंगी गात बंजारा बायका फेर धरतात. पोतराज कोरडा वाजवत गल्लीत येतो. शेगावची गजानन महाराजांची पालखी आषाढीला जाताना परभणी-गंगाखेडवरून पुढे सरकते, तेव्हा रस्त्यावर पावली आणि फुगडी चालते. गंगाखेड तालुक्यातल्या धारासूरला गुप्तेश्वर मंदिराच्या भिंतींवर सुरसुंदरी शतकानुशतकं कमरेत लचकून उभ्या आहेत. आणि लावणी सांगायची गरजच नाही. ही सगळी मंडळी बॅले नर्तकीसह चंद्रावर आणि मंगळावर उतरली, तर कुणाचं काय होईल याचं उत्तर पदार्थविज्ञान बऱ्याच नेमकेपणाने देतं.

सुरुवात उडीपासून. पृथ्वीवर गुरुत्वीय त्वरण ९.८१ आहे, मंगळावर ३.७१ आणि चंद्रावर १.६२, सगळं मीटर प्रति सेकंद वर्ग. पृथ्वीवर जी नर्तकी स्वतःला ४० सेंटिमीटर वर उचलते, ती हवेत जेमतेम ०.५७ सेकंद असते. बॅलेतली ती पाय फाकून घेतलेली लांब झेप, ग्रां जेते, तेवढ्याच वेळात उरकते. त्याच वेगाने पाय सुटले तर मंगळावर ती १ मीटरहून थोडी जास्त वर जाईल आणि दीड सेकंद अधांतरी राहील. चंद्रावर उंची २.४ मीटर आणि वेळ साडेतीन सेकंद. साडेतीन सेकंदांत गोंधळी एक ओळ म्हणून होईल.

हा हिशेब कागदी नाही. एप्रिल १९७२ मध्ये अपोलो १६ च्या जॉन यंग यांनी चंद्रावर झेंड्याशेजारी उडी मारून सॅल्यूट ठोकला. ती उडी सुमारे १.४५ सेकंदांची होती. अंगावर पृथ्वीवर ऐंशी किलोंहून जास्त भरेल असा पोशाख आणि पाठीवरचं यंत्र होतं, तरीही.

आता गंमत पाहा. बॅलेचा सगळा खटाटोप वजन नाही असं भासवण्यासाठी आहे. १७९६ मध्ये शार्ल दिदलो यांनी नर्तकांना तारांनी उचलून रंगमंचावर ‘उडवलं’. १८३२ मध्ये पॅरिसमध्ये मारी ताल्योनी ‘ला सिल्फीद’मध्ये पायाच्या अंगठ्यांवर उभी राहिली, ती परी वाटावी म्हणून. ग्रां जेतेत नर्तकी तरंगल्यासारखी वाटते तीही युक्तीच आहे. उडीच्या मध्यावर हात-पाय वर उचलले की शरीराचा गुरुत्वमध्य अंगात वर सरकतो. गुरुत्वमध्याची वाट ठरलेलीच असते, त्यामुळे डोकं क्षणभर एकाच पातळीवर सरकतं आणि प्रेक्षकांना वाटतं, बाई हवेत थांबली. ही फसवणूक जमावी म्हणून आठव्या-नवव्या वर्षापासून पाय झिजवावे लागतात. मुंबईच्या ज्या दोन तरुणांच्या आयुष्यावरून २०२० मध्ये ‘ये बॅले’ सिनेमा निघाला, त्यांनी उशिरा सुरुवात केली, म्हणून तर त्यांचं एवढं कौतुक झालं. चंद्रावर मात्र पहिल्याच दिवशी उतरलेला कुणीही तरंगतो. अंगठ्यावर उभं राहणंही तिथे सोपं. ५५ किलोंच्या नर्तकीचा अंगठ्यांवरचा भार जेमतेम ९ किलोंसारखा वाटेल, आणि तोल गेलाच तर कलंडायला पृथ्वीच्या अडीचपट वेळ लागेल, तेवढ्यात सावरता येईल. जी गोष्ट सगळ्यांनाच फुकट मिळते, तिला तिकीट लावून कोण बघेल?

आपल्याकडचं दुखणं याच्या उलट आहे. आपला नाच जमिनीशी बोलतो. गुडघे किंचित वाकलेले, पाय सपाट, आणि ठेक्यावर टाच-पंजा आपटून चाळ वाजवायचे. पाय आपटला की जमीन तेवढ्याच जोराने अंगाला वर ढकलते. पृथ्वीवर हे कळत नाही, कारण वजन लगेच खाली खेचतं. चंद्रावर तोच ठोका दिला तर सगळं अंग जमिनीवरून सुटेल आणि परत टेकायला सहापट वेळ लागेल. द्रुत लयीत सेकंदाला सहा-आठ ठोके देणारे पाय तिथे पहिल्याच ठोक्याला हवेत अडकतील आणि पुढचे ठोके हवेतच विरतील. मंगळावर परिस्थिती बरी, पण द्रुत लय तिथेही तुटेल.

म्हणजे नाच नुसता हळू होईल का? इथे विषय खरा रंगतो. पावलं, उड्या, झुलणारे सोगे, हेलकावणारे पदर ही सगळी लोलकाची भावंडं आहेत. यांची गती गुरुत्वाकर्षण ठरवतं. मंगळावर लोलकाला एका झोक्याला पृथ्वीच्या १.६ पट वेळ लागतो, चंद्रावर जवळजवळ अडीचपट. चालणं हेही पायाचं उलटं झुलणंच. त्यामुळे चालण्यालाही वेगाची मर्यादा असते, त्यापुढे माणूस आपोआप पळायला लागतो. ९० सेंटिमीटर लांबीचा पाय असेल तर पृथ्वीवर ही मर्यादा ताशी साडेसात किलोमीटर येते, मंगळावर साडेचारच्या जरा वर आणि चंद्रावर अवघी तीन. गंगाखेडच्या रस्त्याने दिंडी ज्या चालीने जाते, त्या चालीने चंद्रावर चालताच येणार नाही, उड्या मारत जावं लागेल. अपोलोचे अंतराळवीर तसेच गेले. वारकऱ्यांना अडचण नाही, पावली येतेच.

पण शरीरातल्या सगळ्याच हालचाली गुरुत्वाकर्षणाच्या ताब्यात नाहीत. बोटं, मनगट, मान, भुवई, डोळे स्नायूंच्या जोरावर चालतात. त्यांचा वेग मंगळावर तोच राहतो. गिरकीचंही तसंच. हात जवळ घेतले की फिरण्याचा वेग वाढतो, आणि या नियमात गुरुत्वाकर्षण कुठेच येत नाही. एकाच अंगात अशा दोन लयी होतात. पाय विलंबितात आणि हात द्रुतात. पृथ्वीवर नर्तकाला कमरेखाली एक लय आणि कमरेवर दुसरी असं सतत सांभाळावं सहसा लागत नाही. परग्रहावर काही नवं घराणं निघालंच तर ते याच फटीतून निघेल असं मला वाटतं.

चंद्रावरचं चित्रण स्टुडिओत करून संथ गतीने दाखवलं, असं म्हणणाऱ्यांना याच दोन लयींत उत्तर आहे. चित्रण नुसतं संथ केलं असतं तर हातही संथ दिसले असते. अपोलोच्या फितींत उड्या संथ दिसतात आणि हातवारे नेहमीच्या वेगाने चालतात.

आता पेहराव. बंजारा बाईचा फेटिया घेरदार असतो, त्यावर आरसे, कवड्या, भरतकाम. गिरकी घेतली की घेर वर उठतो. किती उठेल हे दोन ओढींच्या झटापटीवर ठरतं. फिरण्याची ओढ कापडाला बाहेर नेते, वजन खाली. सेकंदाला एक गिरकी आणि अक्षापासून ३० सेंटिमीटर अंतरावरचा घेर धरला, हवेचा अडथळा सोडून दिला, तर पृथ्वीवर कापड उभ्या रेषेपासून सुमारे ५० अंश उठेल. मंगळावर ७० अंशांच्या पुढे, चंद्रावर ८० च्या पुढे, म्हणजे जवळपास आडवं. तांड्यावरच्या आज्जीला ते मुळीच चालणार नाही. पृथ्वीइतकाच घेर उठवायचा असेल तर मंगळावर गिरकी पाऊणपटीहूनही हळू, पृथ्वीच्या ०.६ पट वेगाने घ्यावी लागेल.

फुगडीतही हेच गणित, फक्त कापडाच्या जागी माणसं. हात धरून मागे किती रेलायचं हे वेग आणि वजन मिळून ठरवतात. चंद्रावर त्याच वेगाने फुगडी घातली तर दोघी जवळजवळ आडव्या होतील. त्याआधी पाय घसरतील तो भाग वेगळा. तळव्याची जमिनीवरची पकडही वजनावरच अवलंबून असते, ती सहाव्या हिश्श्यावर आलेली असते.

नऊवारीचा विचार केला तेव्हा मात्र मला आनंद झाला. नऊवारी अंगावर राहते ती गाठीने, खोचण्याने आणि कासोट्याच्या ताणाने. खाली खेचणाऱ्या वजनाची तिला गरज नाही. पायांमधून मागे नेलेला काष्टा उडीत, गिरकीत, उलट्या कोलांटीतही जागचा हलत नाही. तमाशाच्या फडात हे पिढ्यान्‌पिढ्या सिद्ध झालेलं आहे. फक्त निऱ्यांचं काय करायचं ते बघावं लागेल. कापड कसं पडतं हे त्याचा ताठपणा आणि वजन यांच्या मेळावर ठरतं. वजन कमी झालं की तेच कापड जास्त ताठ वाटतं. मंगळावर साधं सुती लुगडं खळ घातल्यासारखं उभं राहील. निऱ्या पृथ्वीसारख्या पडायला हव्या असतील तर तितकंच मऊ पण अडीचपटीहून जड कापड विणावं लागेल. पैठणीचा जरीचा जड काठ आणि पदर तिथे शोभेपुरता न राहता कामाला येईल.

पदर हवेवरही अवलंबून असतो. वस्तीच्या आत पृथ्वीसारखी हवा भरलेली असेल, तर मंगळावर फेकलेला शेला आपल्या इथल्यापेक्षा संथ उतरेल. बाहेर उलट. मंगळाची हवा पृथ्वीच्या साधारण साठाव्या हिश्श्याइतकी विरळ. तिथे तोच शेला दगडासारखा खाली येईल. चंद्रावर हवाच नाही. १९७१ मध्ये अपोलो १५ च्या डेव्हिड स्कॉट यांनी हातोडा आणि ससाण्याचं पीस एकाच वेळी सोडलं, दोन्ही एकदम जमिनीला लागले. अपोलो ११ चा झेंडा फडकलेला दिसावा म्हणून वरून आडवी दांडी घालावी लागली होती. पदर उडवायला सूर्यमालेतली सगळ्यात उत्तम जागा म्हणजे शनीचा चंद्र टायटन. तिथली हवा आपल्यापेक्षा चौपटीहून दाट, गुरुत्वाकर्षण सातव्या हिश्श्याचं. एका सेकंदात खाली येणारा शेला तिथे जवळपास सहा सेकंद तरंगेल. तापमान उणे १७९ अंश सेल्सिअस आहे, एवढी एकच गैरसोय. नासाचं ‘ड्रॅगनफ्लाय’ हे उडतं यान तिथे २०३४ मध्ये पोहोचायचं आहे.

वाद्यांकडे येऊ. संबळ म्हणजे कमरेला बांधलेली दोन तोंडं, एक चढ्या आवाजाचं, एक खर्जाचं. सोबत तुणतुणं आणि झांज. मंगळावर आवाज कसा जातो हे आता अंदाजाने सांगावं लागत नाही. १८ फेब्रुवारी २०२१ रोजी जेझेरो विवरात उतरलेल्या ‘पर्सिव्हरन्स’ गाडीवर मायक्रोफोन होते. २०२२ मध्ये त्या नोंदींवरचा शोधनिबंध ‘नेचर’मध्ये आला. तिथे इतकी शांतता आहे की मायक्रोफोन बंद पडला की काय अशी शंका शास्त्रज्ञांना मधूनच येत होती. दुसरी नोंद संगीतकारांना चक्रावणारी आहे. तिथे आवाजाला एक वेग नाही, दोन आहेत. सुमारे २४० हर्ट्झच्या खालचे स्वर सेकंदाला २४० मीटरने जातात आणि वरचे २५० मीटरने. शंभर मीटरवर बसलेल्याला संबळाचं चढं तोंड आधी ऐकू येईल आणि खर्जाचं सेकंदाच्या साठाव्या भागाने मागाहून. फरक पुसट आहे, पण तालाला काटेकोर कानांना तो खटकू शकतो.

त्याहून मोठा घोळ घुंगरांचा. मंगळाची हवा ९५ टक्के कार्बन डायऑक्साइड आहे, आणि हा वायू उंच पट्टीचे स्वर गिळून टाकतो. घुंगराचा छुमछुमाट बहुतेक त्याच पट्टीत. चाळ बांधलेली बाई दहा-वीस मीटरवर नाचली तर ती नुसती दिसेल. खर्ज तेवढा कानाशी येईल, तोही क्षीण. झांजेचंही तेच होईल.

पोतराजाला मात्र तिथे फायदा आहे. कोरड्याचा फटकारा वाजतो तो टोक आवाजाच्या वेगापुढे गेल्यावर. पृथ्वीवर त्यासाठी सेकंदाला सुमारे ३४० मीटर गाठावे लागतात. मंगळावर २४०-२५० पुरतील, शिवाय विरळ हवेत दोराला अडथळाही कमी. कोरडा सहज वाजेल. ऐकू किती जाईल हा प्रश्न वेगळा.

आणि दिवटी. तिच्यावाचून गोंधळ होत नाही. ती हाती घेऊन देवदेवतांना गावागावांवरून बोलावलं जातं, बुधलीतून तिच्यावर तेल घातलं जातं. मंगळावर उघड्यावर दिवटी पेटणारच नाही, कारण ऑक्सिजन नाही. वस्तीच्या आत पेटेल, पण ज्योतीचा आकार बदलेल. आपल्या ओळखीची निमुळती, पिवळी ज्योत गुरुत्वाकर्षणाची देणगी आहे. गरम हवा हलकी होऊन वर जाते, खालून ताजी हवा येते आणि ज्योत वर खेचली जाते. १९९६ मध्ये ‘मीर’ या रशियन स्थानकावर मेणबत्त्या लावून पाहिल्या, तेव्हा वजनरहित अवस्थेत ज्योत निळसर, मंद आणि गोलाकार झाली. मंगळावर ती या दोन टोकांच्या मध्ये कुठे तरी असेल, बुटकी आणि जरा फुगीर. चिंध्यांमधून तेल वर चढण्याला मात्र मदतच होईल, कारण गुरुत्वाकर्षण कमी तितकं तेल उंच चढतं. तरीही बंद वस्तीत आगीचा धोका पाहता कुठलाही अधिकारी दिवटीला परवानगी देणार नाही, आणि द्यायलाही नको.

घराबाहेर पडायचं म्हटलं की पेहरावाचा सगळा विचारच बदलतो. मंगळावर हवेचा दाब पृथ्वीच्या एका टक्क्याहून कमी, म्हणून दाब भरलेला पोशाख लागतो. असा पोशाख म्हणजे माणसाच्या आकाराचा फुगा. प्रत्येक सांधा वाकवताना त्या दाबाशी झुंजावं लागतं. हातमोजे सगळ्यात वाईट. अंतराळात काम करणाऱ्यांची बोटं सोलवटतात, काहींची नखंही निघून आलेली आहेत. अशा हातांनी मुद्रा कसली होणार? अमेरिकेच्या एमआयटी संस्थेत प्राध्यापक डावा न्यूमन यांनी यावर ‘बायोसूट’ची कल्पना पुढे नेली. त्यात हवेऐवजी घट्ट विणलेलं कापडच शरीराला दाब देतं. हालचाल करताना कातडीवरच्या काही रेषा ताणल्या जात नाहीत, त्या रेषांवरून आधाराचे धागे नेले आहेत. दिसायला तो बॅलेतल्या घट्ट पोशाखाच्या जवळचा आहे. तेवढ्यापुरती बॅले नर्तकी मंगळावर आपल्या मंडळींच्या पुढे राहील.

यातलं खरोखर करून पाहिलेलं किती? फ्रान्सच्या नृत्यदिग्दर्शिका किट्सू द्युबोआ यांनी १९९० च्या दशकापासून वर-खाली झेपावणाऱ्या खास विमानांत नाच केला. अशा विमानात एका वळणाला वीस-बावीस सेकंद वजन नाहीसं होतं, आणि लगेच पुढच्या चढाला अंग जवळपास दुप्पट जड होतं. वर कुठलं आणि खाली कुठलं हे कानातल्या संतुलनयंत्रणेला तेवढ्या वेळात उमगत नाही, पोट ढवळतं. मुक्काम लांबला तर दुसरंच संकट येतं. वजनरहित अवस्थेत कंबर आणि नितंबाच्या हाडांची घनता महिन्याला सुमारे एक ते दीड टक्क्याने उतरते, म्हणून स्थानकावर रोज दोन तास व्यायाम करावा लागतो. मंगळाच्या ओढीत किती उतरेल हे मोजायला अजून तिथे कुणी राहिलेलं नाही.

मग पाठवायचं कुणाला? माझं मत बैठकीच्या लावणीला. तिच्यात पाय नाहीत म्हटलं तरी चालेल. बाई नऊवारीत मांडी घालून बसते आणि एकाच ओळीचे पाच अर्थ डोळे, मान, बोटं आणि आवाजातून काढून दाखवते. वाईच्या यमुनाबाई वाईकर यांना २०१२ मध्ये पद्मश्री मिळाली ती याच बैठकीच्या जोरावर. गुरुत्वाकर्षणाचं यात काहीच चालत नाही, कापड नऊवारी, जागा चार हात पुरे. दुसरा मान गोंधळाला, अट एकच की दिवटी विजेची. बॅले आणि द्रुत पदन्यास पृथ्वीवरच ठेवावेत.

हे पटत नसेल तर घरच्या घरी ताळा करून पाहा. येत्या मंगळागौरीला किंवा पालखीच्या वेळी फुगडी आणि पावलीचा व्हिडिओ घ्या. मोबाइलवर तो मंगळासाठी ०.६ आणि चंद्रासाठी ०.४ वेगाने चालवा. उड्या, पावलं आणि पदर त्या-त्या ठिकाणचे दिसतील. फक्त हातांकडे आणि चेहऱ्यांकडे लक्ष ठेवा, तेवढे खोटे वाटतील.